न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

ज्या घरात संगणक किंवा मोबाईल आहे, त्या घरी एक पत्र कधी ना कधी येऊन गेलेले असतेच. आपल्या ईमेलच्या पत्त्याची चिठ्ठी निघाली आहे, आपणास अमुक लाख पौंडांचे बक्षीस लागले आहे, तरी रक्कम पोचती करण्यासाठी नाव, पत्ता, बँकेचा खातेक्रमांक आणि थोडेसे शुल्क ताबडतोब पाठवावे, असा त्याचा मजकूर. बहुतेक जण हसतात आणि ते पुसून टाकतात. काही जण मात्र पैसे पाठवतात. मग आपल्याच नात्यागोत्यात, शाब्बाथच्या किद्दूशनंतर चहाचे पेले हाती घेऊन कुजबुज सुरू होते, "इतका शिकलेला माणूस, आणि त्याला एवढे कळू नये?"

फसवणारा दोषी आहे याबद्दल दुमत नाही. पण त्या कुजबुजीच्या निमित्ताने तीन प्रश्न उभे राहतात आणि ते मला महत्त्वाचे वाटतात. फसलेला माणूस कितपत दोषी? त्याच्या आसपास असणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य काय? आणि एखादा शहाणासुरता, वयाने मोठा माणूस आपलेच पैसे आपल्याच हाताने चोराच्या झोळीत टाकू लागला, तर त्याचा हात धरण्याचा अधिकार कोणाला आहे काय? पण आधी या पत्राची जातकुळी पाहू, कारण रोगाची लक्षणे ठाऊक नसतील तर पुढचा विचार व्यर्थ होय.

हे पत्र नवे नाही. फ्रान्समध्ये विदोक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. तो आधी चोर होता, मग पोलिसांचा अधिकारी झाला. १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने तुरुंगातल्या कैद्यांच्या एका उद्योगाचे वर्णन केले आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळालेल्या एखाद्या उमरावाचा मी नोकर, त्याची दागिन्यांची पेटी मी अमुक ठिकाणी लपवली, आता मी अटकेत आहे, थोडे पैसे पाठवाल तर ती पेटी काढता येईल, अशी पत्रे ते गावोगावच्या सधन लोकांना लिहीत. शंभरांतल्या विसांना उत्तर येई, असे विदोक सांगतो. आपल्याला गंमत वाटेल, पण या पत्रांना "यरुशलेमची पत्रे" म्हणत! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील तुरुंगात पडलेल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने अशीच पत्रे इंग्लंड-अमेरिकेत जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायजेरियातून निघणारी पत्रे जगभर गाजली आणि तेथील दंडसंहितेतल्या कलमावरून त्या धंद्याला "चारशे एकोणीस" हे नाव पडले. आपल्याकडचे "चारसोबीस" त्याच्या शेजारचेच! १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ४२० वे कलम फसवणुकीचे. १ जुलै २०२४ पासून भारतात ती संहिता गेली आणि नव्या न्यायसंहितेत त्या गुन्ह्याला ३१८ हा आकडा मिळाला. पण सिंगापूरची दंडसंहिता त्याच भारतीय संहितेवरून बेतलेली असल्याने येथे ४२० अजूनही ४२० च आहे.

तेव्हा कागदाऐवजी ईमेल आले आणि ईमेलबरोबर व्हॉट्सॲप आले, पण मूळ कल्पना तीच राहिली. मोठे धन तुमची वाट पाहत आहे, मधे एक छोटा अडथळा आहे आणि तो दूर करण्यासाठी तुम्ही थोडा खर्च करायचा आहे. तो खर्च केला की दुसरा अडथळा निघतो. आधी नोंदणी शुल्क, मग जकात, मग प्राप्तिकर, मग वकिलाची फी. बक्षीस कधीच येत नाही आणि अडथळे कधीच संपत नाहीत.

ओळखायचे कसे? पहिली खूण इतकी सोपी आहे की ती सांगायला संकोच वाटतो. तिकीट न काढता बक्षीस लागत नाही. महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईत कितीतरी घरांत तसबिरीमागे ती तिकिटे खोवलेली असत आणि सोडतीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले आकडे ताडून पाहिले जात. सिंगापुरात १९६८ पासून सिंगापूर पूल्स ही संस्था टोटो आणि इतर सोडती चालवते. तेथेही आधी तिकीट घ्यावे लागते. "कौन बनेगा करोडपती"च्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे निरोप भारतात गेली कित्येक वर्षे फिरत आहेत. त्या कार्यक्रमात बक्षीस मिळते ते समोरच्या खुर्चीत बसून प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याला. घरी बसलेल्याच्या मोबाईलच्या क्रमांकाला ते लागत नाही.

दुसरी खूण पैशांच्या दिशेची. खऱ्या बक्षिसाचा पैसा आपल्याकडे येतो, खोट्या बक्षिसाचा आपल्याकडून जातो. कराचे निमित्त सांगितले तर हे लक्षात ठेवावे, की भारतात लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावरचा कर देणारी संस्थाच रकमेतून कापून घेते, तो आगाऊ मागत नाही. आणि सिंगापुरात तर टोटोच्या बक्षिसावर प्राप्तिकर मुळी नाहीच.

तिसरी खूण घाई आणि गुप्तता. "चोवीस तासांत कळवा", "कोणाला सांगू नका, नाहीतर बक्षीस रद्द होईल". ज्या गोष्टीला मुलाशी, सुनेशी किंवा शेजाऱ्याशी बोलण्याइतकाही उजेड सोसत नाही, ती गोष्ट चांगली असण्याचा संभव फार थोडा. चौथी खूण, ओटीपी मागणे. येथील पोलिसांनी २०२० साली एका नव्या प्रकाराबद्दल इशारे दिले होते. ओळखीच्या माणसाचे फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचे खाते बळकावून त्याच्या नावाने, "शॉपीच्या सोडतीत तुझे नाव घालते, तुझा क्रमांक आणि आलेला ओटीपी कळव", असे सांगायचे. बहिणीने मागितला म्हणून आकडा दिला आणि खाते रिकामे झाले. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली. ती बहिणीलाही फोनवरून द्यायची नसते.

आणि पाचवी खूण मला तनाखमध्ये सापडते. यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात गिबोनच्या लोकांची कथा आहे. ते राहत होते हाकेच्या अंतरावर, पण आपण दूरदेशीचे आहोत असे भासवून ते तहाची मागणी करायला आले. पुरावा म्हणून त्यांनी काय आणले? वाळून बुरसटलेली भाकर, फाटून शिवलेल्या द्राक्षारसाच्या पखाली, झिजलेले जोडे. इस्राएलच्या सरदारांनी ती शिदोरी तपासली, पण परमेश्वराला विचारले नाही. तह झाला, शपथा झाल्या आणि तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारी! येथे सरदारांनी तपास केला नाही असे नाही. त्यांनी तपास केला, पण फसवणाऱ्याने पुढे केलेल्या वस्तूंचाच केला. बक्षिसाच्या पत्रातही शिक्का असतो, सही असते, अधिकाऱ्याच्या ओळखपत्राचे छायाचित्र असते, खाली दूरध्वनी क्रमांकही असतो. त्या क्रमांकावर फोन करून "हे खरे आहे ना?" असे विचारणे म्हणजे गिबोनकरांची भाकर पुन्हा एकदा दाबून पाहणे. चौकशी करायची ती दुसऱ्या वाटेने करावी. संस्थेचा क्रमांक आपण स्वतः शोधावा, बँकेच्या कार्डामागचा क्रमांक लावावा, नाहीतर समोरासमोर जाऊन विचारावे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लोक म्हणतात, "लोभ नसता तर फसला नसता." या म्हणण्याला आपल्या परंपरेत थोडा आधार आहेच. मिश्नाच्या सान्हेद्रिन प्रकरणात फासे खेळणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरलेली नाही. गेमाराने त्याचे एक कारण असे दिले आहे, की जगाच्या उभारणीत अशा माणसाचा काही हातभार नसतो. फुकटचे धन आपल्या ज्ञानी लोकांना कधी आवडले नाही. पण फासे खेळणारा स्वतः होऊन खेळायला बसतो. ज्याच्या दारात पत्र येऊन पडले, तो कोणत्या खेळाला बसला होता?

शिवाय लोभ आणि आशा यांत फरक आहे. मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे आहे, नातवाला परदेशी शिकायला पाठवायचे आहे, पत्नीची शस्त्रक्रिया करायची आहे, अशा माणसाला "पैसे मिळाले" हे शब्द वाचून आनंद झाला तर त्याला लोभी म्हणणे कठोरपणाचे होईल. तनाखमध्येच याचे उत्तम उदाहरण आहे. अरामचा सेनापती नामान अलीशाच्या सांगण्यावरून यार्देनमध्ये सात वेळा बुडी मारून महारोगातून बरा झाला. अलीशाने भेट नाकारली. तेव्हा त्याचा सेवक गेहजी गुपचूप मागे धावला आणि म्हणाला, धन्याकडे एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातून दोन गरीब तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी एक किक्कार रुपे आणि दोन वस्त्रे द्यावी. नामानाने आग्रह करून दोन किक्कार दिले. मोठ्या माणसाचे नाव वापरायचे, दया येईल अशी गोष्ट रचायची, मग रक्कम मागायची. आजच्या ईमेलमध्ये याहून वेगळे काय असते? पण नामान फसला तो लोभाने नव्हे, कृतज्ञतेने. शास्त्राने त्याला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. दोष आणि महारोग दोन्ही गेहजीच्या वाट्याला आले.

आणि जो स्वतःला "मी काही फसणार नाही" म्हणवतो त्याने एक गोष्ट जाणून घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉरमॅक हर्ली यांनी २०१२ साली असा प्रश्न घेतला, की ही पत्रे इतकी उघड उघड खोटी का दिसतात? त्यांचा निष्कर्ष असा, की ते मुद्दाम केलेले असते. संशयी माणसाने पहिल्या ओळीलाच सोडून जावे आणि जो मागे राहील त्याच्यावरच वेळ खर्च करावा, हा त्यांचा हिशेब. म्हणजे ते हास्यास्पद पत्र पाहून आपण हसतो, तेव्हा आपल्या हुशारीचा विजय झालेला नसतो. ते पत्र आपल्यासाठी लिहिलेलेच नसते. आपल्यासाठी दुसरे लिहिलेले आहे आणि ते बँकेच्या, वीजमंडळाच्या किंवा पोलिसाच्या नावाने यायचे आहे. २०२१ च्या डिसेंबरात येथील ओसीबीसी बँकेच्या नावाने आलेल्या मोबाईलवरच्या संदेशांनी सुमारे ७९० ग्राहकांचे १ कोटी ३७ लाख डॉलर गेले. त्यांच्यापैकी कोणी बक्षिसामागे धावले नव्हते. खाते बंद पडेल या धास्तीने त्यांनी कळ दाबली. २०२४ साली सिंगापुरात अशा फसवणुकीच्या ५१,५०१ तक्रारी नोंदल्या गेल्या आणि सुमारे १ अब्ज १० कोटी डॉलर बुडाले. फसलेल्यांत पन्नाशीच्या आतलेच बहुसंख्य होते. म्हाताऱ्यांची संख्या कमी, पण माणशी नुकसान त्यांचे सर्वांत जास्त, कारण जन्मभराची पुंजी त्यांच्याच खात्यात असते.

आपल्या ज्ञानी लोकांनी या अपराधाला एक नेमके नाव दिले आहे, गेनेवात दाअत म्हणजे मनाची चोरी. तालमूदच्या हुलीन प्रकरणात शमुएल या पंडिताचे मत नोंदले आहे, की मनाची चोरी कोणाचीही करू नये, मग तो माणूस आपल्या धर्माचा असो वा नसो. पैसे नंतर जातात, आधी माणसाचा निर्णय चोरीला जातो. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण तिसऱ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

दुसरा प्रश्न आपल्या कर्तव्याचा. वायिक्रा म्हणजे लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील चौदावे वचन आपण दरवर्षी कदोशीमच्या परशात ऐकतो. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, ही आज्ञा सर्वांना आठवते. आपल्या भाष्यकारांनी तिचा अर्थ विस्तारला. ज्या बाबतीत एखादा माणूस अजाण आहे, त्या बाबतीत तो आंधळाच होय, त्याला वाकडा सल्ला देणे म्हणजे त्याच्या वाटेत धोंडा ठेवणे. पण त्याच वचनाचा पहिला भाग आपण विसरतो. त्यात बहिऱ्याला शिव्याशाप देण्याची मनाई आहे. बहिऱ्याला ऐकू येत नाही, मग त्याचे बिघडते काय? तरीही मनाई आहे, कारण बोलणाऱ्याचे बिघडते. फसवणारा या वचनाचा दुसरा भाग मोडतो. फसलेल्याच्या पाठीमागे हसणारे आपण सारे पहिला भाग मोडतो. एकाच वचनाची दोन टोके अशी दोन निरनिराळ्या घरांत तुटतात.

धोंडा ठेवण्याचे पापही आपण समजतो तितके दूर नाही. "दहा जणांना पाठवा, मोफत रिचार्ज मिळेल" असे निरोप आपल्या कुटुंबाच्या गटांत कोण पाठवते? आपलीच माणसे. हेतू वाईट नसतो. पण मावशीने पाठवले म्हणून भाची विश्वास ठेवते आणि मावशीच्या चांगल्या नावावर चोराचा माल खपतो. खात्री नसलेला निरोप पुढे न ढकलणे ही आजच्या काळातली फार स्वस्तातली मित्सवा आहे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे आपले खाते दुसऱ्याला वापरू देणे. "बक्षिसाची रक्कम तुमच्या खात्यातून पुढे पाठवू, तुम्हाला दलाली मिळेल", असे सांगून चोरीचा पैसा फिरवला जातो. सिंगापूरच्या संसदेने २०२३ साली कायद्यात दुरुस्ती करून सिंगपासची ओळख अशा कामी दुसऱ्याला देणे हा गुन्हा ठरवला. "मला माहीत नव्हते" ही सबब आता फार काळ टिकणारी नाही.

येथे पत्र लिहिणाऱ्याचाही विचार करायला हवा, जरी तो करणे जड जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये निदान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा फसवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपलेली असावीत. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना नेले, पासपोर्ट काढून घेतले आणि कुंपणाआड बसवून ही पत्रे लिहायला लावले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने थायलंड-म्यानमारच्या सीमेवरून आपले पाचशेहून अधिक नागरिक हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. म्हणजे नोकरीच्या खोट्या पत्राने फसलेला तरुण बक्षिसाचे खोटे पत्र लिहीत बसला आहे. म्हणून फसवणाऱ्याशी मुद्दाम गप्पा मारून त्याची टर उडवण्याचा जो खेळ काही लोक खेळतात, तो मला रुचत नाही. त्यात आपली माहिती बाहेर जाण्याचा धोका आहेच, शिवाय आपण ज्याची थट्टा करतो त्याच्या पाठीमागे काठी घेऊन कोण उभा आहे, हे आपल्याला दिसत नाही. मिसरातील दास्याची आठवण दर पेसाहला काढणाऱ्यांनी एवढे भान ठेवावे. टोळ्यांच्या म्होरक्यांना मात्र दया नको. सिंगापूरच्या संसदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये फसवणूक करणाऱ्यांना निदान सहा फटक्यांची शिक्षा सक्तीची केली, ती येथील लोकांचा संताप किती टोकाला गेला आहे याचीच साक्ष होय.

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड. सिंगापुरात २०२४ साली नोंदलेल्या प्रकरणांपैकी पाचांत चारांहून अधिक वेळा पैसे चोराने काढले नव्हते. माणसाने स्वतः, आपल्या हाताने पाठवले होते. बँकेचे लोक सांगतात, पोलीस घरी येऊन सांगतात, मुले रडून सांगतात, तरी तो म्हणतो, "माझे पैसे आहेत, मी काय वाटेल ते करीन." त्यावर ७ जानेवारी २०२५ रोजी येथील संसदेने एक कायदा मंजूर केला आणि १ जुलैपासून तो अमलात आला. माणूस फसवणाऱ्याला पैसे पाठवणार आहे असे वाजवी कारणाने वाटले आणि दुसरे उपाय थकले, तर पोलीस बँकेला त्याचे व्यवहार थांबवायला सांगू शकतात. प्रथम तीस दिवसांपर्यंत, गरज पडल्यास मुदत वाढवता येते. रोजच्या खर्चासाठी पैसे मिळण्याची सोय आहे, अपिलाचीही आहे.

हे योग्य आहे काय? याच देशात २००८ चा मानसिक क्षमतेविषयीचा कायदाही आहे. एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून तो निर्णय घेण्यास असमर्थ आहे असे मानू नये, हे तत्त्व त्यात स्पष्ट घातले आहे. मी जन्मभर इस्पितळात काम केले. शस्त्रक्रिया नाकारून घरी जाणारे रोगी मी पाहिले. डॉक्टर समजावत, आम्ही समजावत असू. तरी त्यांनी नको म्हटले, की सही घेऊन त्यांना जाऊ द्यावे लागे. मन हळहळे, पण ते बरोबर होते. देह त्यांचा होता. मग पैशाच्या बाबतीत वेगळा न्याय का?

याचे उत्तर त्याच इस्पितळात आहे. रोग्याची संमती केव्हा खरी? त्याला काय होणार हे खरेखरे सांगितले असेल तेव्हा. एक शस्त्रक्रिया सांगून दुसरी केली, तर खाली सही असली तरी ती कवडीमोलाची. बक्षिसाचे शुल्क पाठवणारा माणूस कशाला संमती देतो? बक्षीस सोडवून घेण्याला. चोराला पुंजी देण्याला त्याने कधीच संमती दिलेली नाही. त्याचा निर्णय आधीच चोरीला गेला आहे. म्हणून त्याचा हात धरणे म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध जाणे नव्हे. त्याची खरी इच्छा आणि खरी परिस्थिती यांची गाठ पडेपर्यंत थोडा वेळ मागून घेणे होय.

पण या युक्तिवादात धोका आहे, तो लपवून चालणार नाही. उद्या प्रत्येक मुलगा म्हणेल, "बाबांना कळत नाही," आणि बाबा सिनॅगॉगला देणगी देऊ लागले, म्हातारपणी दुसरे लग्न करू लागले किंवा धाकट्या मुलीला जास्त वाटा देऊ लागले, की त्यांचेही खाते बंद करायला निघेल. म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. दुसऱ्या बाजूला खोटे बोलणारा कोणी आहे काय? असेल, तर अडवायचे ते त्या खोट्याला. नसेल आणि बाबांचा निर्णय फक्त आपल्याला आवडला नसेल, तर तो बाबांचा निर्णय आहे, आपण गप्प बसावे. आणि अडवणे झाले तरी ते ठरावीक मुदतीचे, थोड्या व्यवहारांपुरते आणि दाद मागण्याची वाट खुली ठेवून. मुदतीनंतर सारे सत्य समोर ठेवूनही त्याने पैसे द्यायचेच ठरवले, तर दुःख मानावे, पण त्याचे माणूसपण काढून घेऊ नये. या मर्यादा पाळल्या जातील तोवर मला तो कायदा न्याय्य वाटतो.

कायद्याची वेळ येण्याआधी घरातले बोलणे असते आणि बहुतेक घरांत तेच बिघडते. मुलगा मोबाईल हिसकावून घेतो, सून म्हणते, "तुम्हाला किती वेळा सांगितले!" बाबा हट्टाला पेटतात आणि पुढचे पैसे चोरून पाठवतात. फसवणारा तर दिवसातून चार वेळा गोड बोलून विचारपूस करीत असतो! किद्दूशीन प्रकरणात आपल्या ज्ञानी लोकांनी सांगून ठेवले आहे, की बाप तोराविरुद्ध वागताना दिसला तरी मुलाने "तुम्ही चुकलात" असे म्हणू नये, तोरात काय लिहिले आहे ते प्रश्नाच्या रूपाने त्याच्यापुढे ठेवावे. याहून व्यवहारी सल्ला मला ठाऊक नाही. "बाबा, हे तिकीट आपण कोठे घेतले होते?" "बाबा, शुल्क ते बक्षिसातूनच का कापून घेत नाहीत?" असे दोन प्रश्न शांतपणे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. माणूस स्वतः शोधलेले उत्तर सोडत नाही.

आणि पैसे गेलेच असतील तर? वॉर्डात मी एक गोष्ट शिकले. ज्या रोग्याला आपण रागे भरतो, तो दुसऱ्या वेळी खरे सांगत नाही. बाहेरून घेतलेली पुडी तो लपवतो आणि ती लपवल्यामुळेच दगावतो. लाजेने लपवलेली जखम चिघळते. म्हणून प्रथम बँकेला फोन करावा. त्या पहिल्या तासांत पैसा वाटेत अडवता येण्याचा संभव सर्वांत जास्त. सिंगापुरात १७९९ हा मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, भारतात १९३०, इस्रायलमध्ये ११९. आलेली पत्रे पुसू नयेत, तोच पुरावा. पासवर्ड बदलावा. पोलिसांत तक्रार द्यावी. आणि काही आठवड्यांनी, "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडे शुल्क भरा" असा फोन आला, तर ओळखावे की हे तेच पत्र नव्या पाकिटात आले आहे. पुढे घात होऊ नये म्हणून येथील मोठ्या बँकांनी २०२३ च्या अखेरीपासून ठेवीचा काही भाग कुलूपबंद करण्याची सोय दिली आहे. तो पैसा संगणकावरून हलवताच येत नाही. वडीलधाऱ्यांना ती सोय समजावून सांगावी, पण कुलूप त्यांच्याच हातांनी लावू द्यावे.

त्याच एकोणिसाव्या अध्यायात, आंधळ्या-बहिऱ्यांविषयीच्या वचनानंतर दोनच वचनांनी, शेजाऱ्याचे रक्त सांडत असता स्वस्थ उभे न राहण्याची आज्ञा आहे. पुंजी हेही म्हाताऱ्या माणसाचे रक्तच आहे. औषध, भाडे, अब्रू सारे त्यावर चालते. ज्याच्या घरी असे पत्र येऊन गेले आणि जो फसला, त्याला या शाब्बाथला सिनॅगॉगमध्ये कोपऱ्यात एकटे बसू देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याने काही सांगितले तर ऐका, नाही सांगितले तरी बसा. तो बोलू लागला, तर दुसरे दहा जण सावध होतील.